तिसरी घंटा आणि बामणोदचे वांगे

कार्तिक सरता सरता, म्हणजे कपाशीची पहिली वेचणी घरात येऊन पडलेली असते, केळीच्या बागांवर पहाटे धुके उतरू लागते आणि आठ महिने माळ्यावर पडलेले स्वेटर डांबरगोळ्यांच्या वासासह खाली येतात, त्या सुमारास आमच्या जळगाव शहरी निमंत्रणपत्रिकांचा हंगाम सुरू होतो. महसूल खात्यात हयात घालवून अव्वल कारकुनाच्या पदावरून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या मनुष्याला आलेला कागद नोंदल्यावाचून अन्न गोड लागत नाही. सबब या पत्रिकांसाठी मी एक स्वतंत्र बारनिशी ठेवली असून तीत अनुक्रमांक, आल्याची तारीख, पाठविणाऱ्याचे नाव, विषय आणि शेरा असे पाच रकाने तांबड्या शाईने आखले आहेत. पहिले चार रकाने मी भरतो. पाचवा मात्र दरसाल नियती भरते, आणि नियतीचे हस्ताक्षर आमच्या धुळ्याच्या शालकांच्या हस्ताक्षराशी विलक्षण जुळते.

यंदाच्या आवकेचा गोषवारा द्यायचा तर अग्रस्थान राज्य नाट्य स्पर्धेला द्यावे लागेल. 1954 साली सुरू झालेल्या या स्पर्धेचे एक केंद्र आमच्या गावी असल्यामुळे, दिवसा बँकेत, शाळेत, विजेच्या कचेरीत किंवा केळीच्या वखारीत पोटाचा उद्योग करणारी माणसे रात्री एखाद्या शाळेच्या वर्गात बाके भिंतीला लावून राजा, वेडा, वकील आणि प्रेत यांच्या तालमी करीत असलेली दिसतात. त्याच दिवसांत मागेपुढे विद्यापीठाचा युवक महोत्सव 'युवारंग' येतो. त्या काळात शहरातील प्रत्येक रिक्षात एक ढोलकी आणि दोन तिरकमठे असल्यावाचून राहत नाहीत. जानेवारी उजाडला की बालगंधर्व संगीत महोत्सव. बालगंधर्वांचा, म्हणजे नारायणराव राजहंसांचा जन्म 1888 सालचा आणि पुण्याचा असला, तरी गाण्याचे पहिले धडे त्यांनी बालपणी आमच्या जळगावात मेहबूबखाँसाहेबांकडे घेतले, ही गोष्ट पुणेकरांच्या कानावर घालण्याची एकही संधी आम्ही वाया जाऊ देत नाही. त्यांच्या नावाने आम्ही नाट्यगृह बांधले तेही खुले, म्हणजे वर आकाश असलेले. त्यामुळे नाटक पडले तरी प्रेक्षकाला निदान मृगनक्षत्र पाहून घरी जाता येते. अलीकडे छत्रपती संभाजीराजे नाट्यगृह हे बंदिस्त मंदिर उभे राहिल्यापासून ही खगोलशास्त्रीय सोय कमी झाली आहे.

आता निमंत्रणपत्रिकेतील सर्वांत खोडकर शब्द कोणता म्हणाल, तर तो 'ठीक'. 'ठीक सहा वाजता' याचा रूढ अर्थ असा, की सहा वाजता कार्यवाह इस्त्रीचा झब्बा शोधू लागतात, साडेसहाला ध्वनिक्षेपकवाला 'हॅलो, हॅलो' या एकाच संवादाचे विविध रसांत पठण करतो आणि पावणेसातला धुळ्याहून निघालेल्या प्रमुख पाहुण्यांचा 'एरंडोल सोडले' असा दूरध्वनी येतो. एरंडोल सोडल्याचे सांगणारा पाहुणा त्या क्षणी पारोळ्यात चहाच्या दुसऱ्या कपावर असतो, हे मी स्वानुभवाने सांगतो, कारण त्याच चहाच्या टपरीवर मी अनेकदा त्याच्या शेजारी उभा होतो. नंतर नटराजपूजन होते. नंतर दीपप्रज्वलन होते, म्हणजे समईच्या पाच वाती आणि छताचा पंखा यांच्यात एक तुंबळ युद्ध होऊन पंखा बंद करणारा इसम सापडेपर्यंत आगपेटीतील काड्या संपतात. राज्य नाट्य स्पर्धेने मात्र या पुरातन शिरस्त्याला सुरुंग लावला असून तेथे सातचा प्रयोग म्हणजे सातचा प्रयोग, तिसरी घंटा म्हणजे तिसरी घंटा. परिणामी सवयीप्रमाणे साडेसातला पोचणाऱ्या सभ्य नागरिकाला नायकाच्या बापाचा खून कोणी केला हे मध्यंतरात शेजाऱ्याकडून, तेही वड्याच्या घासाबरोबर, समजून घ्यावे लागते.

धुळ्याचा प्रश्न निराळा आहे. 1906 साली इंग्रज सरकारने अखंड खान्देशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले आणि तोवर साऱ्या खान्देशाची कचेरी मिरविणाऱ्या धुळ्याच्या जोडीला जळगाव बसविले. तेव्हापासून या दोन शहरांत जे मानापमान नाटक चालू आहे, त्याला अद्याप पडदा नाही. धुळ्यास राजर्षी शाहू महाराज नाट्यमंदिरात पुण्यामुंबईचे नाटक लागले की शालकांचा निरोप येतो, 'दाजी, तुमच्याकडे हे यायला अजून पंधरा दिवस आहेत.' दोन्ही गावांमधील अंतर 90-95 किलोमीटरांचे. पण लोहमार्ग घालणाऱ्या विद्वानांनी धुळे हे चाळीसगावच्या फांदीला टांगले असल्याने जळगावाहून धुळ्याला आगगाडीने जाऊ पाहणाऱ्या रसिकास चाळीसगाव येथे सक्तीचे मध्यंतर घ्यावे लागते, आणि ते बहुधा मूळ नाटकापेक्षा लांबते. म्हणून मी एस. टी.ने जातो. नाटकासाठी जातो असे म्हणणे पूर्ण सत्य नव्हे. मी धुळ्याचा जावई आहे.

पश्चिम खान्देशाचा जावई होणे ही नाट्यदृष्ट्या क्षुद्र गोष्ट नाही. बळवंत संगीत मंडळीचे मास्टर दीनानाथ मंगेशकर तापीकाठच्या थाळनेरच्या लाडांचे जावई होते, पहिली पत्नी निवर्तल्यावर दुसऱ्यांदाही त्याच घरचे जावई झाले, आणि लतादीदींचे आजोळ म्हणून ते गाव अजरामर झाले. ही परंपरा मी सासुरवाडीस वारंवार सांगितली आहे. मात्र दीनानाथ जावई होऊन गायले, मी जावई होऊन जेवलो, असा उणा शेरा आमच्या सौभाग्यवतींनी एकदा दिला, तो मी बारनिशीत चढविलेला नाही.

आणि इथेच मुख्य पेच येतो. ज्या पंधरवड्यात रंगभूमी फुलते, नेमक्या त्याच पंधरवड्यात बामणोदचे वांगे तयार होते. भौगोलिक मानांकन लाभलेले हे हिरवट, पांढऱ्या रेघांचे, हातभर वांगे कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या जाळावर शेतातच भाजावे, साल उतरवून हिरव्या मिरच्या व लसणाबरोबर ठेचावे, वर कांद्याची पात, कोथिंबीर, तेलात परतलेले शेंगदाणे घालावेत आणि केळीच्या पानावर कळण्याच्या भाकरीबरोबर समोर यावे. मग पानासमोर बसलेल्या माणसास शाकुंतल लागले आहे की तमाशा, याची चौकशी उरत नाही. भरिताची पार्टी हा वस्तुतः खान्देशचा सर्वांत जुना प्रायोगिक रंगमंच आहे: नेपथ्य नैसर्गिक, प्रकाशयोजना जाळाची, संहिता नाही, परिनिरीक्षण मंडळाचा दाखला नाही, आणि प्रेक्षागृह सदैव भरलेले. याउलट स्पर्धेच्या प्रयोगाला, ज्याचे तिकीट शेवभाजीच्या एका ताटाच्या मानाने अगदी क्षुल्लक, मी एकदा मंचावर अकरा आणि समोर नऊ माणसे मोजली आहेत. त्या नवांत तीन परीक्षक होते आणि एक चुकून आलेला.

या दोन रंगमंचांवर एकाच दिवशी पाय ठेवण्याचा अविचार मी वीस-बावीस वर्षांपूर्वी केला. एका हौशी मंडळाच्या, ज्याचे नाव मी मृत्युपत्रातही लिहिणार नाही, शोकांतिकेत मला हवालदाराची भूमिका मिळाली होती. संवाद एकच, पण नाटकाचा कळस: 'बाई, तुमचा मुलगा सापडला, पण...' दिग्दर्शकांनी चाळीस दिवस मला या 'पण'ची तालीम दिली. 'पण' म्हणायचे, टोपी काढायची, मनात चार आकडे मोजायचे, आणि त्या चार आकड्यांच्या शांततेत प्रेक्षागृहातील प्रत्येक मातेच्या काळजाचे पाणी व्हायचे. प्रयोगाच्या दिवशी दुपारी शालकांनी पांझरेकाठच्या शेतात भरीत योजले. मी नको म्हणालो. त्यावर ते आपल्या अहिराणीत म्हणाले, 'दाजी, नाटक ते सकाय बी व्हई जाई, पन भरीत आजनंच शे.' या युक्तिवादात मला कायदेशीर दोष सापडला नाही.

सायंकाळी सहाला मी विंगेत हजर होतो, हे प्रथम नमूद करतो. हवालदाराचा पट्टा शेवटच्या छिद्रालाही दाद देईना, म्हणून तो सुतळीने बांधून वर फायलीचे पाकीट धरले. प्रवेश आला. मी म्हणालो, 'बाई, तुमचा मुलगा सापडला, पण...' टोपी काढली. एक मोजला, दोन मोजले, आणि तिसऱ्या आकड्याला माझ्या कंठातून, हिरव्या मिरचीच्या संपूर्ण पाठिंब्यानिशी, एक अशी उचकी बाहेर पडली की ध्वनिक्षेपकाने ती शेवटच्या रांगेपर्यंत विनातक्रार पोचविली. प्रेक्षागृहात क्षणभर शांतता पसरली. दिग्दर्शकांना हवी होती तीच, तेवढीच. मग दुसरी उचकी आली. मग मागून कोणी तरी म्हणाले, 'पाणी द्या रे सायबाले!' आईची भूमिका करणाऱ्या बाईंनी तोंडावर पदर घेतला आणि त्यांचे खांदे गदगदा हलू लागले. त्या हसत होत्या, हे विंगेत उभ्या असलेल्या सर्वांना आणि मला स्पष्ट दिसत होते. परीक्षकांना दिसत नव्हते. निकाल लागला तेव्हा त्या बाईंना अभिनयाचे गुणवत्ता प्रमाणपत्र मिळाले. दिग्दर्शक त्यानंतर माझ्याशी बोलले नाहीत, बाई मात्र दर संक्रांतीला तिळगूळ पाठवितात.

तेव्हापासून मी प्रेक्षकाच्या भूमिकेत असून तीत मला संवाद नाही, ही तिची मुख्य शोभा. तरीही बारनिशीचा पाचवा रकाना मला दरसाल खाली मान घालायला लावतो: 'अनुक्रमांक 4, ऐतिहासिक नाटक, शेरा: भरीत. अनुक्रमांक 7, दोन अंकी, शेरा: भरीत, भुसावळ रस्ता. अनुक्रमांक 9, एकांकिका, शेरा: गेलो, पोचेपर्यंत टाळ्या.' चाळीस दिवस बाके सरकवून तालीम करणारी मुले, मुदतीत दाखला मिळावा म्हणून संहिता टंकून घेणारा लेखक आणि ओळखीच्या दुकानदाराकडून नेपथ्यासाठी एक खिडकी उसनी आणणारा कार्यवाह यांच्या श्रमांवर 'भरीत' हा शेरा मारताना माझी लेखणी अडखळते. तरी वांगे पुढच्या आठवड्यात नसते, हेही खोटे नाही.

यंदा मी तोड काढली आहे. शालकांना रीतसर कळविले आहे की भरिताची पार्टी दुपारी ठीक बारा वाजता सुरू व्हावी व ठीक दोन वाजता आटोपावी, म्हणजे मला तीनची एस. टी. गाठून सातच्या आत जळगावास पोचता येईल. त्यांचा जबाब आला आहे: 'ठीक.' त्या शब्दाची मला धास्ती आहे. तथापि स्पर्धेच्या प्रयोगाचे तिकीट मी काढून ठेवले आहे, पाचवी रांग, कडेची खुर्ची. शेजारच्या चार खुर्च्या हे लिहीत असेतोवर रिकाम्या आहेत. वाचकांनी अवश्य यावे. स्वेटर आणावा, आणि दुपारी कोठे भरीत झाले असल्यास पाण्याची बाटली बरोबर ठेवून मागच्या रांगेत बसावे.