उचंत खात्यातले नाना

ज्यांचा जन्म स्टोअर्समध्ये गेला त्यांना एक गोष्ट वेगळी शिकवावी लागत नाही. माल कमी भरला तर चोरी, जास्त भरला तर चूक, आणि दोन्हींत चोरी परवडली. चोरी झाली की चोर असतो, वॉचमन असतो, चौकशी असते, चौकशीला चहा असतो. जास्त भरलेल्या मालाला बापच नसतो. कुठलातरी कागद कुठेतरी चढवायचा राहिलेला असतो आणि तो सापडेपर्यंत स्टोअरकीपरला झोप लागत नाही.

आमच्या सोसायटीतले नाना भोसरीच्या एका कारखान्यात ३४ वर्षं स्टोअर्स सांभाळून निवृत्त झाले. झाले म्हणजे कागदोपत्री झाले. घरातल्या डाळ-तांदळाच्या डब्यांना आजही बिन कार्डं आहेत. आवक, जावक, शिल्लक. पाहुणे आले आणि माईंनी घाईत वाटीभर रवा काढला, तर रात्री नाना डबा हलवून बघतात आणि कार्डावर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढतात. भाजीवालीने दहा रुपये जास्त दिले तर ते परत द्यायला नाना दोन जिने उतरून जातात. यावरून लोक त्यांना फार प्रामाणिक समजतात. माझं मत तसं नाही. प्रामाणिक माणसाला पैसे परत करून बरं वाटतं. नानांना बरंबिरं काही वाटत नाही. त्यांना नोंद बंद करायची असते. हेच दहा रुपये भाजीवालीने कमी दिले असते तरी नाना तेवढेच जिने उतरले असते, आणि बहुधा जरा जास्त उत्साहाने.

अशा माणसाच्या बँक खात्यात २०२५ च्या नोव्हेंबरात, सकाळी चहाच्या वेळी, ८४,०९० रुपये जमा झाले.

आधी हे सांगायला हवं की नानांच्या हिशेबाने त्या वर्षी सरकारच त्यांच्याकडून पैसे घेणं लागत होतं. नोव्हेंबर २०२४ अखेर ते निवृत्त झाले. कंपनीने फॉर्म १६ दिला, त्यात कापलेला कर ८०,८६० रुपये. २६ एएस काढून नानांनी तो आकडा पडताळला, जुळला. शिवाय ग्रॅच्युइटीचे पैसे कुठे गुंतवावेत हे न ठरल्यामुळे (ठरत का नव्हतं, तो वेगळाच लेख होईल) ते चार महिने बचत खात्यातच पडून होते. त्यासकट बचत खात्याचं व्याज आलं १४,०००. त्यावर पंधरा टक्क्यांनी कर, वर चार टक्के सेस, दहाच्या पटीत धरून २,१८० रुपये. एवढे नानांनी पाकिटात घालून देवघरामागे ठेवले आणि वर लिहिलं, ‘प्राप्तिकर, देणे’. रिटर्न मात्र भाचीने भरलं. ती सीए करते आहे. सोळा सप्टेंबरची मुदत तोंडावर आलेली, तिच्या मागे ऑफिसची शंभर रिटर्नं. तिने फोनवर ओटीपी मागितला, नानांनी दिला. ‘मामा, झालं’ म्हणाली. पाकिटाचं काय, हे विचारायच्या आत फोन बंद.

आणि आता हा मेसेज.

पहिला संशय अर्थातच फसवणुकीचा. रिफंडच्या नावाखाली लिंक पाठवून खातं रिकामं करणाऱ्यांविषयी नानांनी कात्रणंच ठेवली आहेत. मी म्हटलं, “अहो नाना, चोर पैसे नेतो. आणून देतो का?” ते माझ्याकडे दयेने बघत म्हणाले, “तोच तर नवा प्रकार आहे. आधी टाकतात. मग फोन येतो, चुकून तुमच्याकडे आले, परत पाठवा.” असा प्रकार खरोखरच चालतो, त्यामुळे मला पुढे बोलता येईना. नाना दिवसभर फोनशेजारी बसून त्या चोराची वाट बघत राहिले. चोराचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी पासबुक छापून आणलं. तिथे प्राप्तिकर परताव्याची नोंद होती आणि शेजारी स्वतःचा पॅन होता. आता संशय चोरावरून सरकारवर गेला, आणि तो जास्त गंभीर होता.

“कुणाचे तरी मला आलेत,” नाना म्हणाले. “कुठेतरी एक माणूस ८४,०९० ला शॉर्ट आहे.”

त्या अज्ञात माणसाचं दुःख त्यांनी मनाला फार लावून घेतलं. बँकेत जाऊन पैसे परत घ्या म्हणाले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “काका, जमा झालेली रक्कम नको म्हणायचा फॉर्म आमच्याकडे नाहीये.” नानांनी व्यवस्थापकांना गाठलं. व्यवस्थापकांनी तेवढ्यात मुदत ठेवीचा दर सांगितला. नाना उठून आले. दुसऱ्याच्या पैशाची ठेव करून त्यावर व्याज खायचं म्हणजे, त्यांच्या शब्दांत, ‘गेटपासशिवाय माल बाहेर’.

घरी येऊन त्यांनी वहीत एक पान उघडलं. वर लिहिलं: उचंत खाते. ज्या रकमेचा धनी ठरलेला नाही, तिची तात्पुरती सोय हिशेबात तिथेच लागते. खात्यातल्या शिलकेतून ८४,०९० वजा करून जे उरेल तेच आपलं, असं त्यांनी माईंना बजावलं. फ्रिजचा दरवाजा दोरीने बांधून बंद करावा लागतो आहे, हे माईंनी त्यावर बजावलं. “उचंतला हात लावायचा नाही,” नाना म्हणाले. मी जाईन तेव्हा त्या घरात उचंत हा शब्द एखाद्या मानी पाहुण्याच्या नावासारखा ऐकू येई. त्याला दुखवायचं नाही, त्याच्यासमोर मोठ्याने बोलायचं नाही, आणि तो जाणार कधी हे विचारायचं नाही.

भाचीला अर्थात फोन केलेच होते. ती ऑडिटला एका साखर कारखान्यावर गेली होती. हंगाम नुकताच सुरू झालेला, रेंज जेमतेम. तिचा एकच निरोप आला: ‘मामा बरोबर आहे ते. खर्च करा.’ नानांनी तो मला वाचून दाखवला आणि म्हणाले, “हे स्पष्टीकरण आहे?” स्टोअर्समध्ये अशा चिठ्ठीवर त्यांनी खिळासुद्धा दिला नसता.

मग खात्याचा ईमेल सापडला. बेंगळुरूच्या केंद्राकडून, कलम १४३(१) खालची सूचना. पीडीएफला कुलूप. पासवर्ड म्हणजे पॅन आणि जन्मतारीख, पण पॅनची अक्षरं लहान लिपीत. नानांनी ती आयुष्यभर मोठ्यात लिहिलेली. सरकारी क्रमांक लहान अक्षरांत लिहिणं त्यांना उद्धटपणाचं वाटलं. शेवटी मी टाइप केलं आणि त्यांनी नजर दुसरीकडे वळवली.

आत दोन रकाने होते. डावीकडे करदात्याने दाखवलेलं, उजवीकडे खात्याने काढलेलं. नाना पट्टी ठेवून ओळीओळीने उतरत गेले. एकही फरक नाही. खात्याने चूक केलेली नव्हती. डाव्या रकान्यात, स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ओटीपीने, नानांनीच ८०,८६० रुपये परत मागितले होते.

“मी मागितले?” ते म्हणाले. देवळात जाऊन देव उचलून आणल्याचा आरोप आला असता तरी चेहरा इतका उतरला नसता.

त्याखाली व्याजाची ओळ होती, आणि तिने दहा मिनिटं तरी त्यांना जगवलं. रिटर्न वेळेत असेल तर कलम २४४ए प्रमाणे एक एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का मिळतो. शंभराखालचा भाग सोडून द्यायचा. म्हणजे ८०,८०० वर आठ महिन्यांचे चार टक्के, ३,२३२. बेरीज ८४,०९२. आणि जमा झाले ८४,०९०!

“दोन रुपये कमी दिलेत,” नाना म्हणाले. त्या आठवड्यात मी त्यांना हसताना प्रथम पाहिलं. दहाच्या पटीत रक्कम धरायचा कायदाच आहे, हे मी सांगायला नको होतं.

भाची आली ती पुढच्या रविवारी. तिने फॉर्म १६ चं दुसरं पान उघडून एका ओळीवर बोट ठेवलं. निवृत्तीच्या वेळी शिल्लक रजेचे नानांना ८,००,००० रुपये मिळाले होते. खाजगी नोकरदाराला या रजेच्या पैशावर करमाफी मिळते, तिला वरची मर्यादा असते. २००२ पासून ती होती ३ लाख. २०२३ च्या अर्थसंकल्पात ती २५ लाख करायचं ठरलं, त्याच वर्षीच्या मेमध्ये अधिसूचना निघाली आणि एक एप्रिल २०२३ पासून ती लागू झाली. कंपनीच्या पगाराच्या सॉफ्टवेअरला हे कुणी कळवलंच नव्हतं. त्याने ३ लाख सोडले आणि ५ लाखांवर कर कापला. दहा महिन्यांचा सरासरी पगार, जमलेली रजा, सगळ्या कसोट्या लावल्या तरी नानांचे आठच्या आठ लाख करमुक्त होते.

“मग राहिलं काय?” भाची म्हणाली. “आठ महिन्यांचा पगार ७,६०,०००, त्यातून प्रमाणित वजावट ७५,०००, वर तुमचं ते १४,००० व्याज. झाले ६,९९,०००. त्या वर्षी नव्या पद्धतीत ७ लाखांपर्यंत कलम ८७ए ची सूट होती. कर शून्य. कापलेला सगळा परत.”

नाना बराच वेळ ६,९९,००० कडे बघत राहिले. मग म्हणाले, “हजाराने वाचलो.” ग्रॅच्युइटीचा निर्णय न घेणं हा आयुष्यातला आपला सर्वांत मोठा आर्थिक निर्णय ठरला, असं ते हल्ली सांगतात.

कागद सापडला, नोंद जुळली, उचंत खातं बंद. नानांच्या दृष्टीने विषय संपला होता. पण माई इतका वेळ पदराला हात पुसत दारात उभ्या होत्या आणि त्यांनी त्या सगळ्या कलमांतून एकच शब्द उचलला होता.

“रजा किती दिवसांची?”

“तीनशे,” भाची म्हणाली.

“तीनशेच?”

“कंपनीत तीनशेच्या वर साठत नाही,” नाना अभिमानाने म्हणाले. “वरच्या बुडाल्या.”

हे वाक्य त्यांनी उच्चारायला नको होतं. माईंच्या डोक्यातही एक स्टोअर्स आहे, आणि तिथलं बिन कार्ड नानांच्यापेक्षा पक्कं आहे. लग्नानंतर महाबळेश्वरला गेले ते स्टॉक टेकिंगसाठी दुसऱ्या दिवशी परत. जावक एक, शिल्लक सहा. धाकट्या बहिणीच्या लग्नाला अक्षता पडताना हजर, पंगतीला गायब. गुहागरच्या गणपतीला माई दरवर्षी मुलांना घेऊन एकट्या. मुलीच्या बाळंतपणात अर्धा दिवस, तोही नंतर रविवारी भरून काढलेला. कुठल्याही नोंदीला नानांना हरकत घेता येईना, कारण तारखा बरोबर होत्या.

“म्हणजे हे पैसे माझे आहेत,” माई म्हणाल्या. “रजा माझ्या होत्या. तुम्ही नुसत्या साठवल्यात.”

हिशेबाच्या बाजूने बघितलं तर या युक्तिवादात मला खोट दिसली नाही, आणि नानांनाही दिसली नसावी. आधी नवा फ्रिज आला. उरलेल्या पैशांत दोघं आठ दिवस केरळला जाऊन आले. नानांनी हाउसबोटीवरचे लाइफ जॅकेट मोजले आणि एक कमी असल्याचं नाखव्याच्या लक्षात आणून दिलं, एवढं सोडलं तर सहल निर्विघ्न पार पडली. ३,२३२ रुपयांचं व्याज पुढच्या रिटर्नमध्ये ‘इतर उत्पन्न’ म्हणून दाखवायचं असतं. ते त्यांनी निघण्यापूर्वीच लिहून ठेवलं होतं.

खरे नाना मला दिसले ते यानंतर. परत आल्यावर एका रात्री त्यांच्या ध्यानात आलं, सॉफ्टवेअर सगळ्यांना एकच होतं. म्हणजे एप्रिल २०२३ नंतर त्या कारखान्यातून जो जो निवृत्त झाला आणि ज्याच्या रजेचे ३ लाखांवर झाले, तो प्रत्येक जण शॉर्ट होता. इतके दिवस ज्या अज्ञात दुःखी माणसाच्या काळजीत ते होते, तो अखेर सापडला, आणि तो एकटा नव्हता. आपली जास्तीची रक्कम पचवताना हैराण झालेला हा माणूस दुसऱ्यांची तूट म्हटल्यावर दहा वर्षांनी तरुण दिसू लागला. यादी केली, फोन केले, प्रत्येकाचा फॉर्म १६ मागवला. कारखान्यात जाऊन पगार विभागातल्या मुलाला अधिसूचनेची प्रत दिली आणि पोच घेतली.

यादीत एक जुने फोरमन होते. डिसेंबर २०२३ ला निवृत्त. त्यांच्याशी नाना पंधरा वर्षं बोलत नव्हते. कारण, स्टोअर्समधून त्यांच्या सहीने गेलेला एक मायक्रोमीटर परत आलेला नव्हता. नाना त्यांच्या घरी गेले. पाणीसुद्धा न घेता फॉर्म १६ ची ती ओळ दाखवली. सुधारित रिटर्नची मुदत टळून गेली होती, पण उशीर माफ करावा असा अर्ज आकारणी वर्ष संपल्यापासून पाच वर्षांपर्यंत करता येतो. म्हणजे त्यांच्यासाठी ३१ मार्च २०३० पर्यंत. भाचीकडून मसुदा आणून नानांनी समोर बसून अर्ज करून घेतला. फोरमनच्या डोळ्यांत पाणी आलं. ते नानांचा हात हातात घेऊन म्हणाले, “नाना, कसं फेडू तुमचं?”

नानांनी खिशातून वही काढली.

अर्ज खात्याकडे विचाराधीन आहे. मायक्रोमीटर मिळाला, फोरमनच्याच माळ्यावर होता. आता त्याची डबी सापडत नाहीये.