भिंतीवरचे आपण

१८९४ साली राजा रविवर्मा यांनी मुंबईत छापखाना काढला आणि लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या भिंतींवर आल्या. आता त्याच खिळ्याला आपण स्वतः कॅलेंडर होऊन लटकू शकतो. बारा फोटो पाठवायचे, की वर्ष घरपोच. याला म्हणे सर्जनशील छंद म्हणतात! जानेवारीत हुरडा खाताना आपण, जुलैत भुशी डॅमवर चिंब आपण, ऑक्टोबरला फोटो कमी पडला म्हणून पुन्हा जुलैतलेच आपण, फक्त कृष्णधवल.

खरं तर हा मान आजवर नगरसेवकांचा. पण त्यांच्या चेहऱ्याखाली निदान संकष्टी छापलेली असते, शिवाय कॅलेंडर फुकट. इथे पैसे मोजून एकादशी विचारायला शेजारच्यांच्या ‘कालनिर्णय’कडे जायचं. सण-तिथी घातल्या तर म्हणे फोटो लहान होतो.

आमच्या एका स्नेह्यांनी असं कॅलेंडर सासुरवाडीला भेट दिलं. सासूबाईंनी कौतुकानं ते ओट्याजवळ लावलं. तारखांच्या चौकटी इवल्याशा, त्यामुळे दुधाचे खाडे आणि सिलिंडर लावल्याची तारीख त्या जावईबापूंच्या प्रशस्त कपाळावर लिहितात.