चालूच आहे

बसा. चहा टाकलाय, आलंही घातलंय. तो उकळेपर्यंत माझं एवढं निवेदन ऐकून घ्या. आधी दोघांना सांगून झालं, दोघांनीही मध्येच "मग विकली ना शेवटी?" असं विचारून विषय निकाली काढला. विकली. पण मुद्दा विकण्याचा नाही, न्यायाचा आहे.

सदर गाडी म्हणजे विजेवर चालणारी मोटरसायकल. फेब्रुवारी २०२२ मध्ये नवी घेतली. धायरी ते शिवाजीनगर, जाऊन-येऊन सव्वीस किलोमीटर, बाकी कुठं नेली नाही. काट्यावर २१,४०० किलोमीटर. लिथियमच्या बॅटरीचं पोटासारखं असतं: ठासून भरलं तरी आयुष्य घटतं आणि पार उपाशी ठेवलं तरी घटतं. म्हणून मी रोज ऐंशी टक्क्यांना चार्जर काढला आणि वीसच्या खाली तिला कधी जाऊ दिलं नाही. मणक्याच्या डॉक्टरांनी दुचाकी बंद करायला सांगितली नसती, तर मी ती विकलीही नसती.

जाहिरात टाकायला बसलो आणि पहिल्याच पानावर अन्याय सुरू झाला. फॉर्ममध्ये एक सक्तीचा रकाना होता: 'इंजिन किती सीसी'. या गाडीला इंजिन नाही. शून्य लिहिलं, 'योग्य आकडा भरा' असा शेरा आला. रिकामा सोडला, तर पुढचं पान उघडेना. तासाभरानं मी '१' लिहिलं, ते लगेच मंजूर झालं. म्हणजे खरं लिहिलं तर अर्ज नामंजूर आणि खोटं लिहिलं तर मंजूर. आयुष्यात पहिल्यांदा लेखी खोटं बोललो, तेही एका सीसीसाठी.

त्यानंतर फोन सुरू झाले. "लास्ट किती?" हा पहिला प्रश्न, त्याबद्दल माझी तक्रार नाही, ती आपली रीतच आहे. तक्रार दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे: "ॲव्हरेज किती देते?" मी प्रत्येकाला हिशोब मांडून दाखवत होतो. बॅटरी सव्वातीन युनिटांची. चार्जरमध्ये थोडी वीज वाया जाते, म्हणून पूर्ण भरायला साधारण पावणेचार युनिटं लागतात. दर नऊ रुपये धरला तर चौतीस रुपये. त्यात माझ्या हातानं पंच्याऐंशी किलोमीटर. म्हणजे किलोमीटरला चाळीस पैसे. समोरून शांतता, मग "हो, पण लिटरला किती?" शेवटी एका सद्गृहस्थांसाठी मी तेही काढून दिलं: शंभर रुपयांच्या वर गेलेल्या एका लिटरच्या पैशात ही गाडी अडीचशे किलोमीटर जाते. ते म्हणाले, "काका, विकायची असली तरी इतकं फेकू नका."

मी तुम्हाला विचारतो, इथं माझी चूक काय? गुणाकार बरोबर होता.

पहिला प्रत्यक्ष ग्राहक नऱ्ह्याहून आला, तो एका मित्राला घेऊन. "याला गाड्यांतलं कळतं," अशी ओळख करून दिली. या जाणकार माणसानं गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, उजव्या बाजूला उकिडवा बसला आणि म्हणाला, "किक कुठंय?" नाही म्हणालो. मग तो मागच्या चाकाकडे सरकला. जुनी गाडी बघताना सायलेन्सरमध्ये बोट फिरवून काजळी बघायची असते, तेलकट आली तर इंजिन ऑइल जाळतंय असं समजतात. हे मलाही ठाऊक आहे आणि ही पद्धत योग्यच आहे. त्यानं तर्जनी पुढं केली. सायलेन्सर नव्हता. ते बोट क्षणभर तसंच हवेत राहिलं. मग त्यानं ते पँटला पुसलं. काही लागलेलं नव्हतं, तरी पुसलं.

"चालू करा," तो म्हणाला.

"चालू आहे."

"नाही, म्हणजे स्टार्ट करा."

"स्टार्टच आहे. चालूच आहे."

त्यानं बॅटरीच्या झाकणाला कान लावला. माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचा अर्थ मला कळला: हा माणूस काहीतरी लपवतोय. मग तो गाडीवर बसला आणि पेट्रोलच्या गाडीला उभ्या जागी रेस देतात तशी मूठ पिळली. मी "अहो" म्हणेपर्यंत गाडी कुलकर्णी वहिनींच्या कढीपत्त्याच्या कुंडीत होती. कुंडी फुटली. गाडीच्या पुढच्या मडगार्डवर दोन बोटांचा ओरखडा आला, तो शेवटपर्यंत राहिला आणि पुढच्या प्रत्येक ग्राहकानं "ॲक्सिडेंट झालाय का?" असं विचारून त्याचे पाचशे-पाचशे रुपये कापायला सांगितले. जाता जाता जाणकारानं निकाल दिला. तो माझ्यासमोरच मित्राला म्हणाला, "पिकअप चांगलाय. पण इंजिन बसलंय, आवाजच नाही."

जे नव्हतंच, ते बसलं. आणि त्या निकालावर अपील करायला जागा नाही.

दुसऱ्या आठवड्यात एका नोकरदार तरुणाला गाडी मनापासून आवडली. टोकन द्यायची भाषा झाली. मग म्हणाला, "काका, पीयूसी द्या." विजेच्या गाडीला पीयूसी लागत नाही, धूरच सोडत नाही ती, कायद्यानंच तिला त्यातून सूट आहे, असं मी सांगितलं. तो म्हणाला, "बरोबर आहे, पण कागदपत्रं पूर्ण नसलेली गाडी मी घेणार नाही." मी माणसाला नाराज करत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पेट्रोल पंपाजवळच्या पीयूसीच्या टपरीवर गाडी घेऊन गेलो. तिथला मुलगा नळी हातात घेऊन गाडीभोवती फिरला आणि म्हणाला, "काका, ही घालू कुठं?" मी त्याला विनंती केली की सदर वाहन धूर सोडत नाही, एवढं फक्त लिहून दे. तो म्हणाला, "किती सोडते ते लिहायला मशिन आहे. सोडतच नाही हे लिहायला काहीच नाही." सौदा फिसकटला.

या मुलाचं वाक्य मी अजून विसरलेलो नाही, कारण माझं सगळं दुःख त्यात आलं. आपल्याकडे दोष असेल तर दाखला मिळतो. थोडा धूर असेल तर थोड्या धुराचा मिळतो. दोषच नसेल, तर नसल्याचा दाखला देणारी खिडकी कुठंच नाही. ही गाडी धूर सोडत नाही, तेल पीत नाही, आवाज करत नाही. या तीन गुणांमुळे तिच्यावर तीन आरोप ठेवले गेले आणि खुलासा प्रत्येक वेळी मी केला.

चहा घ्या. साखर बेतानं घातलीय.

आता अनुदानाचं ऐका. २०२१ च्या जूनमध्ये केंद्रानं विजेच्या दुचाकींचं अनुदान किलोवॉट-तासाला दहा हजारांवरून पंधरा हजार केलं होतं. ते किमतीतून परस्पर वजा व्हायचं. माझ्या बॅटरीच्या मापानं ते अठ्ठेचाळीस हजारांच्या पुढं गेलं. २०२३ च्या जूनमध्ये ते परत दहा हजारांवर आलं आणि त्याची कमाल मर्यादाही किमतीच्या पंधरा टक्क्यांवर उतरली. हे सगळं मी ग्राहकांना आपणहून सांगत होतो, लपवण्यासारखं काही नाही म्हणून. कोथरूडचे एक गृहस्थ शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हणजे तेवढे पैसे तुम्ही दिलेच नाहीत, सरकारनं दिले. सरकारकडे ते आले कुठून? करातून. कर मीही भरतो." पुढं त्यांनी माझ्या किमतीतून त्यांच्या वाट्याचं अनुदान वजा करायला सांगितलं. मी त्या रात्री झोपलो नाही. त्यांच्या म्हणण्यात चूक आहे हे मला पक्कं माहीत होतं, पण ती नेमकी कुठं आहे हे पहाटे चारला सापडलं: त्या न्यायानं मी त्यांच्या घरच्या गॅसच्या जुन्या सबसिडीतला वाटा मागू शकतो. फोन करायला ती वेळ नव्हती. सकाळी केला, त्यांनी उचलला नाही.

मग पाण्याचा प्रश्न. एका मुलानं आईला व्हिडिओ कॉल लावून गाडी दाखवली. माउलीनं विचारलं, "पावसात शॉक बसतो का?" प्रश्न काळजीचा होता, मी नीट उत्तर दिलं. बॅटरीला आयपी-६७ मानांकन आहे, म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास राहिली तरी पाणी शिरत नाही. त्या म्हणाल्या, "आणि खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर भिडे पुलावर अडकला तर?" मी म्हणालो, पूल पाण्याखाली गेला की पोलिस तो बंद करतात. त्या म्हणाल्या, "पण अडकलाच, आणि अर्ध्या तासाच्या वर झालं तर?" एक मीटर पाण्यात मुलगा अर्ध्या तासाहून जास्त वेळ गाडीवर बसून राहणार, आणि त्या परिस्थितीत जबाबदार कोण, तर मी.

जुन्या गाड्यांच्या दुकानदाराकडेही गेलो. त्यानं गाडी बघितली नाही, नंबर प्लेट बघितली. हिरवी पाटी, पांढरी अक्षरं. "हिला मार्केट नाही," म्हणाला. वर, अशा गाड्यांवर आमच्या नफ्याला अठरा टक्के जीएसटी लागतो, हेही त्यानं मला अशा स्वरात सुनावलं, जणू २०२४ च्या डिसेंबरात जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेचा मी अध्यक्ष होतो. वैयक्तिक विक्रीवर तो कर नाही, म्हणून तर मी स्वतः विकत होतो.

या गाडीत एक सोय होती, ती मी चार वर्षांत एकदाही वापरली नव्हती. मोबाइलच्या ॲपवर बटण दाबलं की गाडीतला स्पीकर इंजिनाचा आवाज काढतो. मला ते मुळातच पटलं नव्हतं. जी गाडी गप्प राहू शकते, तिला खोटं बोलायला का लावायचं? शेहेचाळीस दिवस मी त्या बटणाला हात लावला नाही. सत्तेचाळिसाव्या दिवशी वडगावचा एक मुलगा मामांना घेऊन आला. मामा गाडीजवळ वाकले, कान लावला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तो जाणकार माणसाचा संशय उमटू लागला. मी फोन काढला आणि बटण दाबलं. धडधड सुरू झाली. मामांनी डोळे मिटले. मूठ हलकी फिरवली, आवाज चढला, उतरला. "हां," मामा म्हणाले. "मशिन फ्रेश आहे."

मी स्पष्ट सांगितलं की हा आवाज स्पीकरचा आहे. मला व्यवहारात लपवाछपवी नको होती. मामा म्हणाले, "असू द्या हो. आवाजावरून कळतं."

सौदा दहा मिनिटांत झाला. टीटी फॉर्मवर सह्या झाल्या: फॉर्म २९ दोन प्रतींत, फॉर्म ३० वेगळा. विकणाऱ्यानं चौदा दिवसांत कळवायचं, घेणाऱ्यानं तीस दिवसांत. मी तिसऱ्या दिवशी कळवलं. एजंटानं इंजिन नंबर विचारला, मी मोटर नंबर दिला, त्यानं तो लिहिला आणि डोकं हलवलं. चासी नंबरावर कागद धरून पेन्सिल फिरवली, तेव्हा पांढऱ्यावर करड्या रंगात आकडे उमटले. माझ्या गाडीच्या एखाद्या गोष्टीचा पुरावा कागदावर उमटताना मी तेवढाच पाहिला.

आता ती वडगावच्या रस्त्यांवर धडधडत फिरते. मुलगा चांगला आहे. फक्त ॲपवर माझा नंबर काढून त्याचा घालायचा आहे, ते तो "या रविवारी करतो" म्हणतो, आणि हा पाचवा रविवार होता. तोवर गाडी आपलं दुखणंखुपणं मलाच कळवते. परवा रात्री अकरा चाळीसला फोन वाजला: बॅटरी चार टक्के. गाडी माझ्याकडे असताना ती कधी वीसच्या खाली गेली नव्हती. मी अंथरुणातून उठून त्याला फोन लावला. मागून धडधड ऐकू येत होती. स्पीकरला लागणारी वीजही त्याच चार टक्क्यांतून जात होती.

"अरे, चार टक्के आहे," मी म्हणालो. "आवाज बंद कर आणि घरी जा."

"टेन्शन नका घेऊ, काका," तो म्हणाला. "अजून रिझर्व्ह आहे ना."

रिझर्व्ह पेट्रोलच्या गाडीला असतो. खाली एक कॉक असतो, तो फिरवायचा. हिला कॉक नाही. चारनंतर तीन, तीननंतर दोन, एवढंच आहे. मी हे त्याला सांगत होतो, पण आवाजात त्याला ते ऐकू गेलं नाही.

तुमचा चहा गार झाला. थांबा, परत गरम करतो. फोन वाजला तर मला सांगा.