वाकडला अडकलेलं टिंब

गेल्या आठवड्यात धाकट्या बहिणीकडे जेवायला गेले होते. तिचा फोन तांब्याला टेकवून ताटासमोर उभा. पडद्यावर नकाशा, नकाशावर भाचीचा इवलासा गोल फोटो, खाली बॅटरी 34 टक्के. "ताई, अर्धा तास झाला, वाकडलाच थांबलीय. तिथे काय काम असेल गं हिचं?" आमटी गार झाली. चार वेळा फोन लावून झाला होता.

भाची 26 वर्षांची आहे. हिंजवडीत नोकरी करते, घराचा निम्मा हप्ता भरते.

"आणि तुझा लेक कुठाय?" मी विचारलं.

"असेल मित्रांबरोबर."

तो 22 वर्षांचा. त्याचं लोकेशन तिच्याकडे नाही. मागावं असं तिला कधी वाटलंच नाही.

लोकेशन पाठवण्याला माझा विरोध नाही. रात्री अनोळखी रिक्षात बसल्यावर मी स्वतः पाठवते, आणि कुणीतरी बघतंय एवढ्यानेही धीर येतो. व्हॉट्सअॅपवर 2017 पासून ही सोय आहे. तिथे मुदत ठरवावी लागते: 15 मिनिटं, 1 तास किंवा 8 तास. मला ती मुदतच सगळ्यात शहाणपणाची वाटते. घरी पोचलो, संपलं. गूगल मॅप्सवर मात्र 'बंद करेपर्यंत' असाही पर्याय आहे, आणि आपल्या घरांनी लेकीसुनांसाठी नेमका तोच उचलला. सून माहेरी किती वाजता पोचली, वाटेत कुठे थांबली, सगळं सासूच्या फोनवर. मुलगा ऑफिसातून थेट घरी आला का, हे बघायला कुणी नकाशा उघडत नाही. काळजीच असेल तर ती मुलग्याचीही वाटायला हवी. रात्री दुचाकीवरून तोही येतो.

त्यात टिंबावर भरवसा तरी किती ठेवायचा? फोनला आपली जागा सुमारे 20,000 किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांकडून कळते, त्याला इंटरनेट लागत नाही. पण ती आपल्यापर्यंत पोचायला रेंज लागते. ताम्हिणी घाटात रेंज गेली की टिंब शेवटच्या जागी चिकटून बसतं आणि इकडे घरात देव पाण्यात ठेवतात. पोरगी बिचारी केव्हाच पुढे गेलेली असते.

8 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका जामिनाच्या प्रकरणात निकाल दिला. आरोपीने गूगल मॅपवर पिन टाकून आपला ठावठिकाणा तपास अधिकाऱ्याला कळू द्यावा, अशी अट होती. आरोप अमली पदार्थांचा, म्हणजे साधासुधा नव्हे. तरीही न्यायालयाने ती अट काढून टाकली. जामिनावरच्या माणसाच्या हालचालींवर पोलिसांनी सतत नजर ठेवायची, हे खासगीपणाच्या हक्कात बसत नाही, असं बजावलं. आरोपीला जे मिळालं ते पोटच्या पोरीला द्यायला आपण का कचरतो? तिने एकदा बंद केलं तर "लपवण्यासारखं काय आहे?" हा प्रश्न तयारच असतो. या प्रश्नाची मला मनापासून चीड येते. मैत्रिणीकडे रडायला जाणं, डॉक्टरकडे जाणं, नुसतंच नदीकाठी एकटं बसणं, हे घरी सांगायचं की नाही ते तिचं तिने ठरवावं.

सव्वानऊला भाची आली. भूमकर चौकात गाडी हलतच नव्हती म्हणाली. हातपाय धुऊन ताटावर बसली आणि शांतपणे म्हणाली, "आई, उद्यापासून निघताना तासाभराचं पाठवत जाईन. आणि तूही तुझं मला पाठवत जा."

"माझं कशाला? मी कुठे जाते?"

"तेच मला कळायला हवंय."

बहीण काही बोलली नाही. फोन तेवढा तांब्यापासून उचलून पालथा ठेवला.

धाकटा पावणेबाराला आला. कुठे होतास, असं त्याला कुणी विचारलं नाही.