ब्राझील कसा उरकावा : धुळे-जळगावच्या नवोदित संशोधकांसाठी

सरांनी प्रकल्पाला ‘ब्राझीलची संस्कृती’ दिली? रडू नका. शेजारच्या बाकावर मंगोलिया आहे.

१. आधी कॉलेजच्या ग्रंथालयात जा. एकदाच. रजिस्टरवर सही झाली की ग्रंथालयीन अभ्यास संपला. ड्यूईच्या वर्गीकरणात ९५४ म्हणजे भारताचा इतिहास, ९८१ म्हणजे ब्राझीलचा. ९८१ च्या जागी तलाठी भरतीची गाइडं दिसतील. ‘ब्राझील आहे का भो?’ असं शिपायाला विचारू नका. ‘मॅच रात्री आहे,’ म्हणेल.

२. तरी एक ब्राझीलकर हमखास सापडतो : पाउलो कोएलो. ‘द अल्केमिस्ट’, १९८८. मेंढपाळ स्पेनचा, वाट सहाराची, खजिन्याची आशा पिरॅमिडपाशी. कथा ब्राझीलकडे फिरकतही नाही. सूचीत पहिला क्रमांक याचाच.

३. बाकीचे चोवीस संदर्भ मागच्या वर्षीच्या प्रकल्पातून घ्या. मजकूरही घ्या, लाजू नका. फक्त नावं बदला. पण जपून. एकानं नंदुरबारकडच्या काठीच्या होळीवरचा प्रकल्प घेतला आणि संगणकाला सांगितलं, ‘काठी’ दिसेल तिथं ‘रिओ’ घाल. होळीचा कार्निव्हल झकास झाला. पान ३२ वर मात्र गावचा म्हातारा रिओ टेकत टेकत पाराकडे निघाला. सरांनी तिथंही बरोबरची खूण केली.

४. राजवाड्यांचा नाद नको. इतिहासाचार्य गावोगाव दप्तरं धुंडाळत हिंडले, १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड काढले आणि १९२६ साली धुळ्यातच वारले. त्यांना सबमिशनची तारीख नव्हती, बिचारे. त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळावरून जाताना सायकल जोरात हाणा.

५. स्वयंपाकघरात तर पाऊलच टाकू नका. काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलहून गोव्यात आणला. त्याचं नाव तिथल्या तुपी भाषेतून आलेलं. अननसाची कुळकथाही तीच. पण लिहिलंत की सर विचारणार, ‘पुस्तक कोणतं?’ आईच्या डब्यावर आयएसबीएन नसतो.

६. तोंडी परीक्षेत एकच प्रश्न येतो : राजधानी. ब्राझिलिया, १९६० पासून, त्याआधी रिओ. परीक्षक स्वतः ‘रिओ’ म्हणाले तर दुरुस्त करू नका. उरलेले गुण स्पायरल बाइंडिंगचे असतात.