कुकरमधला रिझोटो: कळवेकर नवशिक्यांसाठी

सर्वप्रथम घरात जाहीर करावं की आज कुकर तुम्ही लावणार आहात. ‘काय करणार?’ असं विचारलं तर ‘भातच, जरा वेगळा’ एवढंच सांगावं. हे खोटं नाही.

इटालियन माणूस गॅसपाशी अठरा-वीस मिनिटं उभा राहून पळीपळीने गरम पाणी घालत तांदूळ ढवळत बसतो. कळव्याच्या माणसाचं दिवसभराचं उभं राहणं लोकलमध्येच उरकलेलं असतं. म्हणून कुकर.

तांदूळ. आर्बोरिओ हे इटलीतल्या व्हेर्चेल्ली प्रांतातलं गाव, त्याच्याच नावाचा तांदूळ रिझोटोला वापरतात. मॉलमध्ये त्याचं पाकीट हातात घ्यावं, किंमत वाचावी आणि परत फळीवर ठेवावं. मग वाडा कोलमकडे मन जाईल. वाडा २०१४ पर्यंत आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं, त्यामुळे जिव्हाळा साहजिक आहे. पण कोलम शिजून बराच मोकळा होतो. आपल्याला चिकटणारा हवा. इंद्रायणी आणा, एक वाटी पुरे.

आता सगळ्यात अवघड पायरी: तांदूळ धुवायचा नाही. दाण्यावरचं पीठच पुढे पाण्यात उतरून रिझोटो दाट करतं. धुतलात तर रिझोटो मोरीवाटे खाडीला मिळाला समजा. मात्र न धुतलेला तांदूळ कुकरात पडताना पाहून आईचा जीव वरखाली होईल. तेव्हा तांदूळ तिच्यासमोर निवडून ओल्या फडक्याने पुसून घ्यावा आणि उरलेलं काम ती खाली भाजी आणायला गेल्यावर करावं.

दुसरी सवय डब्यांची. आज खाली भात, वर वरण असलं काही नाही. थेट कुकरातच शिजवायचं. दोन चमचे लोण्यावर बारीक चिरलेला कांदा आणि लसूण परता. याच क्षणी हात आपोआप मोहरीच्या डब्याकडे जातो. तो आवरा. तांदूळ घालून दाण्याच्या कडा पारदर्शक दिसेपर्यंत परता. इथे इटलीत पांढरी वाइन ओततात. नाशिक लांब नाही, पण देवघर त्याहून जवळ आहे. शेवटी अर्धं लिंबू पिळा, आंबटपणाशी मतलब. मटार, मश्रूम काय असेल ते घाला, अडीच वाट्या गरम भाज्यांचं पाणी ओता आणि झाकण लावा. एकूण ऐवज अर्ध्या कुकरावर जाऊ देऊ नका, भात फुगतो.

पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक करून तीन-चार मिनिटं. कुकरात पाणी सुमारे १२० अंशांना उकळत असतं, त्यामुळे एखादं मिनिट वाढलं तरी रिझोटोचा गुरगुट्या भात होतो. गॅस बंद केल्यावर वाफ आपोआप जिरायची वाट बघू नका, आत दाणा शिजतच राहतो. बंद कुकरच्या झाकणावर नळाचं गार पाणी सोडा, दाब पूर्ण उतरला की मगच उघडा. समोरच्या काकू दारातून ‘एकाच शिट्टीत गॅस संपला का?’ विचारतील. हो म्हणावं.

आता लोण्याचा गोळा आणि किसलेलं चीज घालून जोरात ढवळा. खरं पार्मेजान वासराच्या जठरातलं रेनेट घालून करतात, तेव्हा शाकाहारी घरात साधं चीज बरं. मिलानहून कोणी तपासायला येत नाही. मीठ चीजनंतर, चव बघून. ताटात पसरेल इतपत सैल हवं. घट्ट वाटलं तर गरम पाणी.

रिझोटो थांबत नाही, दहा मिनिटांत आळतो. बहुतेक जलद गाड्या कळव्याला थांबत नाहीत, त्यामुळे जेवणारा कधी पोचेल याचा भरवसा नाही. ‘दादर सोडलं’ या निरोपावर फक्त कांदा चिरावा. ‘ठाणं सुटलं’ आलं की झाकण लावावं. गाडी सिग्नलला उभी राहिली तर जे घरात आहेत त्यांनी जेवून घ्यावं.

उरलेला रिझोटो मिलानमध्ये दुसऱ्या दिवशी लोण्यावर तव्यात थापून कुरकुरीत करतात. तुमच्याकडे सकाळी तुम्ही उठायच्या आत त्याला मोहरी, हिंग, हळद आणि कढीपत्त्याची फोडणी पडलेली असेल. वर शेंगदाणेही.