डेटलाइन

पत्रकारितेचा वर्ग सुटला की त्यातले बहुतेक लोक पत्रकार सोडून बाकी सगळे होतात. कोण कुठे जाऊन काय झाले याची नोंद ठेवणारा प्रत्येक बॅचमध्ये एकच असतो, आणि तो गाव सोडत नाही. आमच्यातल्या अशा इसमाला आम्ही 'डेटलाइन' म्हणतो. कारण कुणाचीही खबर तो बातमीसारखी सुरू करतो : आधी गाव, मग तारीख, शेवटी माणूस.

सोलापुरात चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांजवळच्या टपरीवर चहा सांगितला की खिशातून त्याचे पॅड निघते. प्रेसनोटांच्या कोऱ्या पाठी कापून, पिना मारून केलेले. पुढच्या बाजूला कुठल्याशा पतसंस्थेची वार्षिक सभा खेळीमेळीत, मागच्या बाजूला आम्ही.

"बेंगळुरू, ता. ४," डेटलाइन वाचतो. "गडी कंपनीच्या कम्युनिकेशनला लागला. आपण बातमी आणायचो बे, हा अडवतो. पगार मात्र विचारू नकोस."

त्याचा एक सिद्धान्त आहे. माणूस पहिल्यांदा ज्या गाडीने सोलापूर सोडतो, त्या गाडीवर पुढचे सगळे ठरते. सकाळच्या 'हुतात्मा'ने गेलेले पुण्यात मजकूर पुरवतात. सिमेंट, शाळा, मंगल कार्यालय, काहीही चालते. रात्रीच्या 'सिद्धेश्वर'ने गेलेले मुंबईत आधी चॅनेलला लागतात आणि मग ज्या मंत्र्यामागे बूम घेऊन पळायचे, त्याच्याच कार्यालयात बसून जुन्या मित्रांचे फोन उचलत नाहीत. 'केके'ने दिल्ली गाठलेला एकजण राजकीय वार्ताहर होणार होता. तो आता स्पर्धा परीक्षेच्या क्लाससाठी चालू घडामोडींच्या नोट्स काढतो. "संपादक झाला असता पोरगा," डेटलाइन हळहळतो, "आता नुसतंच बरोबर लिहितो."

हुद्द्यांवर त्याची कात्री विशेष चालते. दुबईच्या मैत्रिणीने स्वतःला 'ब्रँड स्टोरीटेलर' म्हणवले. पॅडवर नोंद 'जाहिरात'. 'इंडिपेंडंट डिजिटल क्रिएटर' झाले 'सध्या घरी'. माझ्या नावापुढे 'पुण्यात असतो, लिहितो म्हणे' असे आहे. त्या 'म्हणे'बद्दल मी हरकत घेतली, तर तो म्हणाला, दुजोरा मिळालेला नाही.

सोलापुरात काय पत्रकारिता राहिलीय, असे सुट्टीला आलेला एखादा बोलून जातो. मग डेटलाइन त्याला दंडाला धरून पुतळ्यांसमोर नेतो. "ते बघ, कुर्बान हुसेन. 'गझनफर' नावाचं पत्र चालवायचे. १२ जानेवारी १९३१, येरवडा, फाशी. तू अप्रेझलला घाबरतोस." अप्रेझलवाला शेंगाचटणी घ्यायला निघून जातो. चटणी कुणाकडून घ्यायची, हेही डेटलाइनलाच विचारून.

त्याचा स्वतःचा प्रवास अकरा तालुके, एसटीने. अधिस्वीकृती कार्ड दाखवायची गरज कंडक्टरलाच वाटत नाही. आषाढीच्या पहाटे पंढरपुरात. मुख्यमंत्री बदलतात, महापूजेची बातमी द्यायला हा हजर. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा. तेव्हा तर त्याचे हाल बघवत नाहीत. नंदीध्वज निघाले की मेलबर्नपासून मगरपट्ट्यापर्यंत सगळ्यांना एकाच वेळी सोलापूर आठवते. मग एका हातात फोन उंच धरून तो मेलबर्नला काठ्या दाखवतो आणि दुसऱ्या हाताने गर्दीत पॅडवर लिहितो. "हलवू नको बे!" असे मेलबर्न ओरडते. वर विचारते, पाणी सध्या किती दिवसांआड येतं?

सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या चिमणीने त्याला वर्षानुवर्षे पहिले पान दिले. विमानाला अडथळा की नाही, परवानगी की बेकायदा, मोर्चा की सुनावणी. १५ जून २०२३ रोजी ती पाडली, तेव्हा घरातले कुणी गेल्यासारखा तो बसून होता. मग ९ जून २०२५ ला गोव्याचे विमान सुरू झाले. होटगी रोडच्या विमानतळावर उद्घाटनाची बातमी करून गडी दुचाकीवर परत आला. उडालेले विमान पुरते दिसलेही नाही. मंत्र्यांच्या भाषणाचे मुद्दे उतरवून घेत होता.

या विमानामुळेच बॅचच्या मेळाव्याचे गोव्यात ठरले. दुबई येणार, बेंगळुरू येणार, मंत्र्यांचे कार्यालयसुद्धा 'बघतो' म्हणाले. तिकिटाचे पैसे आम्ही काढतो, पण तू ये, असे सगळ्यांनी डेटलाइनला बजावले. तो म्हणाला, "त्या दिवशी झेडपीची सभा आहे. तुम्ही भेटून घ्या, मला प्रेसनोट धाडा. सोबत एक फोटो, डावीकडून नावं. हुद्दे लिहू नका, मला माहीत आहेत."